बाधितांची बैठक

नाहीसाहेब संध्याकाळी कामावरून परतले तेव्हा त्यांच्या घराच्या चौकटीवर, कुलपापासून वीतभर अंतरावर, गांधीलमाश्यांनी चांगले लिंबाएवढे पोळे बांधलेले होते. ते काही एका दिवसात झालेले नसणार. पण एकटा माणूस घराबाहेर पडताना मागे वळून बघत नाही. बघून करायचे काय? निरोप द्यायला दारात कोणी उभे नसते. साहेब हातात किल्ली घेऊन पायरीवर उभे राहिले. एक माशी त्यांच्या नाकासमोर येऊन थांबली, त्यांना आपादमस्तक न्याहाळून परत गेली आणि बहुधा बाकीच्यांना सांगून आली, कारण मग तिघीजणी आल्या.

साहेबांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरले नव्हते. ज्या जंगलात ते नोकरीला होते ते माणसांनी लावलेले जंगल होते. झाडे लावायची, वाढवायची, तोडायची, पुन्हा लावायची. 'निसर्गाला धक्का न लावता वाढवलेले लाकूड' असा शिक्का या लाकडावर मारून मिळे आणि त्या शिक्क्यामुळे ते हातोहात खपे. शिक्का टिकवायचा तर जहाल औषधांना हात लावायचा नाही आणि साधे औषधही बाकीचे सगळे उपाय थकल्यावरच वापरायचे, अशी अट होती. ती पाळली जाते की नाही हे बघायला साहेब नेमलेले होते. "साहेब, वाळवी लागलीय, जरा पावडर टाकू?" "नाही." "अळ्यांनी रोपांचा फडशा पाडला, एकच फवारा?" "नाही." असे वर्षानुवर्षे चालल्यावर लोकांनी त्यांचे नाव नाहीसाहेब ठेवले, यात लोकांचाही काही दोष नाही.

बायको होती तोवर घरात 'हो' म्हणायचे काम ती बघत असे. ती गेली आणि ते खातेच बंद पडले. मुलगा दूरच्या शहरात होता. तो सुटीच्या दिवशी फोन करून "सगळं ठीक?" असे विचारी, साहेब "ठीक" म्हणत, आणि मग दोघेही दुसरा कधी फोन ठेवतो याची वाट बघत.

त्या संध्याकाळी साहेब घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. दुसऱ्या दिवशी ही बातमी फवारणीच्या मुकादमाला कळली आणि त्याला इतका आनंद झाला की तो दुपारचे जेवण अर्धवट टाकून आला. हा मुकादम म्हणजे साहेबांचा 'नाही' सर्वांत जास्त वेळा ऐकलेला माणूस.

"साहेब, कोठारात ती जुनी पांढरी पावडर पडून आहे," तो पोळ्याकडे कौतुकाने बघत म्हणाला. "दोन चिमट्या टाकतो. अर्ध्या तासात सगळ्या खाली."

"ती बंदी घातलेली आहे. नष्ट करायला पाठवायचीय म्हणून कुलपात आहे."

"अहो, पण ही काय जंगलातली कीड आहे का? हे तुमचं घर आहे."

"घर जंगलाच्या हद्दीत आहे. हद्दीतल्या इंच न् इंच जागेला नियम लागू आहे."

"हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं?"

"मी," साहेब म्हणाले.

हे खरे होते. नियमावली तयार होत असताना कर्मचाऱ्यांची घरे वगळावीत असे सगळ्यांचे म्हणणे पडले होते आणि साहेब एकटे आडवे आले होते. आता त्याच नियमावलीप्रमाणे आधी नुसते निरीक्षण करायचे, मग बिनऔषधी उपाय, आणि तेही करण्यापूर्वी त्या किडीने आणि त्या उपायाने जे कोणी बाधित होतील त्या सगळ्यांना एकत्र बसवून चर्चा करायची.

"चर्चा कोणाशी करणार?" मुकादम म्हणाला. "बाधित तुम्ही एकटेच."

"एकटा कसा? दार आहे ते. येणारे-जाणारे असतात."

मुकादमाने फाटकापासून पायरीपर्यंत आलेल्या वाटेकडे पाहिले. साहेबांच्या बुटांची एक चिंचोळी पट्टी सोडली तर वाट गवताने भरून गेली होती. फाटक उघडायला त्याला स्वतःलाच आता खांदा लावावा लागला होता. मुकादम काही चांगुलपणाबद्दल प्रसिद्ध नव्हता, पण तो "असतात खरे," एवढेच म्हणाला.

नियम म्हणजे नियम. बाधित नव्हते, तर ते बोलावून आणणे भाग होते. साहेबांनी कचेरीच्या फळ्यावर लिहिले की बुधवारी काम सुटल्यावर आपल्या घरी बैठक आहे, मागच्या दाराने यावे. वाचून लोक हसून हसून बेजार झाले. आयुष्यभर सगळ्यांची अडवणूक करणारा माणूस स्वतःच्याच दारात अडकलेला बघायला मिळणार होता. असा योग कोण सोडतो?

तरी प्रत्यक्षात तिघेच आले. मुकादम आलाच. रोपवाटिका सांभाळणाऱ्या ताई आल्या. त्यांना सगळे ताईच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. त्या आपल्या सुनेची तक्रार सांगायला कायम माणूस शोधत असत. आणि लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर आला. तो का आला हे कोणालाच कळले नाही. बहुधा ट्रक भरून व्हायला वेळ होता.

साहेबांनी चहा टाकला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले की घरात कप दोनच आहेत. त्यातला एक बायको गेल्यापासून फडताळात पालथा होता. साहेबांनी तो काढला, धुतला, आणि मग तो हातात धरून तसेच उभे राहिले.

"कोठारात मापाची नवीकोरी भांडी आहेत," मुकादमाने उपाय सुचवला. "सील पण तोडलेलं नाही. आणू?"

"औषधाच्या मापात चहा? नाही!"

शेवटी साहेबांनी वाटीने चहा घेतला, ड्रायव्हरने पेल्याने, आणि पुढच्या वेळी ज्याने त्याने आपापला कप आणावा असा ठराव झाला. त्या बैठकीत गांधीलमाश्यांबद्दल झालेला तो एकमेव ठराव. बाकी वेळ ताईंची सून बोलण्यात होती.

दुसऱ्या बैठकीला तिघे कप घेऊन आले. ताईंनी एक तोडगा काढला. गांधीलमाश्या दुसऱ्याच्या हद्दीत राहत नाहीत, तेव्हा शेजारी एक खोटे पोळे टांगावे, म्हणजे त्या आपण होऊन निघून जातील. ताईंनी खाकी कागदाची पिशवी चुरगळून फुगवली आणि लांब काठीने चौकटीला अडकवली. माश्यांनी ती नीट पाहिली आणि तिचाच कागद कुरतडून स्वतःचे पोळे दुप्पट मोठे केले.

"आपण यांना घर बांधायला सामान पुरवतोय," ड्रायव्हर म्हणाला.

मग मुकादमाची पाळी. फवारणीचा पोशाख अंगात, डोक्यावर टोप, तोंडावर जाळी, हातात लांब दांड्याचा झाडू असा तो शिडीवर चढला. पोशाखात त्याला खालचे दिसत नव्हते, वरचे ऐकू येत नव्हते. "डावीकडं!" असे ताई ओरडल्या ते त्याने "पडलं" असे समजून विजयाने दोन्ही हात वर केले, आणि शिडी पायाखालून निसटली. मुकादम खिडकीच्या गजाला धरून लोंबकळत राहिला. संतापलेल्या माश्या बाहेर पडल्या, त्यांनी मुकादमाच्या जाड पोशाखाचा नाद सोडला आणि फाटकाजवळ निवांत बिडी ओढत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला गाठले. बिचाऱ्याचा या मोहिमेशी काडीचा संबंध नव्हता. त्याचा ओठ असा सुजला की दोन दिवस तो ट्रकमधून रागाने तोंड फुगवून चाललाय असेच लोकांना वाटले.

प्रत्येक उपाय फसला की तो का फसला यावर बैठक घ्यायची, असेही नियमात होते. त्यामुळे बुधवार पक्का झाला. साहेब मंगळवारीच बिस्किटे आणून ठेवू लागले. फाटकाच्या बिजागरीला त्यांनी तेल घातले. कप दर वेळी न्यायचे-आणायचे कशाला, म्हणून तिघांचे कप साहेबांच्या ओट्यावरच राहू लागले. सकाळी उठल्यावर साहेब ते ओळीने मांडलेले कप बघत आणि मग स्वतःचा चहा करत.

बोलणे पोळ्यापासून सुरू होई आणि कुठच्या कुठे जाई. मुकादमाचे गुडघे गेले होते आणि हे त्याने घरी सांगितले नव्हते. ड्रायव्हरला रस्त्यावर इतके दिवस काढावे लागत की घरी गेले की त्याचा कुत्रा त्याच्यावर भुंके. ताईंची सून प्रत्यक्षात फार चांगली होती. तिचे आणि मुलाचे आपल्यावाचून काही अडत नाही, एवढीच ताईंची तक्रार होती. ती बाहेर पडायला मात्र तीन बुधवार लागले. साहेब स्वतःबद्दल काही बोलत नसत. एकदाच, बिस्किटाची बशी पुढे करताना, "हिला ही आवडायची," असे म्हणाले आणि लगेच पोळ्याच्या विषयावर आले.

असे चालले असताना एका सकाळी साहेब नेहमीप्रमाणे निरीक्षणाला समोरच्या पायरीपाशी गेले, तर काही गुणगुण नाही. दहा मिनिटे उभे राहिले. एक माशी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हवा पालटली होती, हंगाम संपला होता आणि गांधीलमाश्या आपले घर सोडून गेल्या होत्या. पोळे रिकामे झाले होते.

साहेबांनी किल्ली काढली, पुढच्या दाराकडे हात नेला आणि परत खिशात घातला. कीड गेली की त्याच दिवशी कळवायचे, विषय बंद करायचा. चमचाभर औषध जास्त वापरले म्हणून साहेबांनी माणसांना रडवले होते. पण विषय बंद म्हणजे बैठक बंद, आणि बैठक बंद म्हणजे बुधवार पुन्हा नुसता बुधवार. साहेब वळसा घालून मागच्या दाराने आत गेले.

"काय परिस्थिती?" बुधवारी मुकादमाने विचारले.

"जैसे थे," साहेब म्हणाले. आयुष्यातले पहिले खोटे बोलताना त्यांच्या हातातली किटली डुचमळली आणि चहा बशीत सांडला. त्या बशीकडे सगळ्यांनी पाहिले, पोळे बघायला पुढच्या दाराकडे कोणी गेले नाही.

"अवघड आहे एकूण," ताई म्हणाल्या.

"फार चिवट जात," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने बिस्किट बुडवले.

पुढच्या आठवड्यात शिक्का देणाऱ्या संस्थेच्या तपासनीस बाई आल्या. त्या दर वर्षी यायच्या, चष्म्यातून जंगल बघायच्या आणि काही ना काही काढायच्याच. साहेबांवर मात्र त्यांचा पूर्ण भरवसा होता. एका पोळ्यासाठी माणसाने स्वतःच्या घराचे दार सोडले, हे ऐकून त्यांना गहिवरून आले. "मला बघायचंय ते," त्या म्हणाल्या.

साहेबांना रात्रभर झोप लागली नव्हती. तपासनीस बाईंना खरे काय ते सांगून टाकायचे असे त्यांनी ठरवले होते. शिक्क्याच्या कामात खोटे खपवून घेतले तर इतकी वर्षे म्हटलेल्या 'नाही'ला काय किंमत राहिली? बाई पायरीपासून हातभर लांब थांबल्या. मागे बाधित मंडळी उभी होती.

"बाई, मला एक सांगायचंय," साहेबांनी सुरुवात केली. "या पोळ्यात—"

"फार आहेत!" ताई मध्येच म्हणाल्या. "हे बघा, कालच चावली मला." त्यांनी हात पुढे केला. मनगट लालबुंद सुजले होते.

"मलाही," मुकादम म्हणाला आणि त्याने मान दाखवली. तीही लाल.

"आणि माझं काय विचारता?" ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने शर्ट वर करून पोटच दाखवले.

साहेब आळीपाळीने तिघांकडे बघत राहिले. पोळे रिकामे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्या तिघांच्या तोंडाकडे बघून त्यांना कळले की ते त्या तिघांनाही ठाऊक आहे, आणि आजचे नव्हे.

बाई मात्र गंभीर झाल्या. इतक्या लोकांना इजा होतेय म्हणजे हयगय करून चालणार नाही. पण गांधीलमाश्या रोपांवरच्या अळ्या खातात, तेव्हा त्या मारायच्याही नाहीत. बाईंनी क्षणभर विचार केला आणि अतिशय सुंदर तोडगा काढला.

"हे घर आपण माश्यांसाठी राखून ठेवू. भोवती दोरी बांधा, इकडे कोणी फिरकायचं नाही. आणि साहेबांची सोय पलीकडच्या हद्दीवरच्या चौकीत करू. तिथे अगदी शांत असतं. मैलोन्मैल माणूस नाही!" आणि त्या साहेबांकडे वळून प्रसन्नपणे म्हणाल्या, "तुमच्यासारख्याला आवडेल."

मागे तिघांचेही चेहरे उतरले. ताईंनी मनगट पदराखाली घेतले. "तशा काही फार चावत नाहीत हो," त्या पुटपुटल्या, पण आता उशीर झाला होता. बाई दोरी किती लागेल याचा अंदाज घेत होत्या.

साहेब पुढे झाले. पायरीवर चढले. "अहो, सांभाळून!" बाई ओरडल्या. साहेबांनी उघड्या हाताने पोळे धरले आणि ओढले. वाळलेला कागद फाटावा तसा आवाज झाला. ते घेऊन साहेब खाली आले आणि त्यांनी ते बाईंच्या हातात दिले.

"रिकामं आहे," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

बाईंनी पोळ्यात डोकावून पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"मग यांना चावलं कोण?"

"डास असतील," मुकादम म्हणाला. "पोटाला पण?" बाईंनी विचारले. "झोपेत उघडं पडतं," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी त्याच दिवशी साहेबांच्या नावावर शेरा मारला. इतक्या वर्षांत पहिला. विषय बंद झाला, बैठका बंद झाल्या, साहेबांचे घर साहेबांना परत मिळाले. संध्याकाळी एकेक जण येऊन आपापला कप घेऊन गेला. "बरं झालं, सुटलात एकदाचे," असे मुकादम म्हणाला. त्याला दुसरे काही म्हणायचे असावे, पण तो कपाचा कान चाचपत राहिला आणि मग गेला.

बुधवार आला. साहेब कामावरून आले, पुढचे दार उघडून आत गेले. दार सरळ उघडले, कोणी अडवले नाही. त्यांनी चहाचे आधण ठेवले, चौघांचे पाणी पडले म्हणून अर्धे ओतून दिले. मग अजून थोडे ओतले. बसून राहिले. जरा वेळाने उठून त्यांनी घर तपासायला सुरुवात केली. छताचे वासे ठोकून पाहिले, वाळवी नाही. तांदळाचा डबा उपडा केला, पोरकिडा नाही. पलंगाखाली विजेरी मारली, एक साधे झुरळ नाही. कोणाला बोलवावे असे त्या घरात काही म्हणजे काही लागलेले नव्हते. भिंतीला टेकून साहेब खाली बसले आणि त्यांना एकाएकी रडू येईल असे वाटले.

ते उठले, पायात बूट घातले आणि दार नुसते ओढून घेऊन निघाले.

ताईंच्या अंगणात ताई आणि मुकादम रोपांच्या पिशव्या भरत बसले होते. साहेबांना फाटकात बघितल्यावर दोघेही ताडकन उठले. मुकादमाने सवयीने आजूबाजूला एखादी बाटली पडलीय का ते पाहून घेतले.

"काय झालं, साहेब?" ताईंनी विचारले. "काही सापडलं का कुठं?"

"नाही."

"मग तपासणी आहे?"

"नाही."

"त्या बाई परत आल्या?" मुकादमाने विचारले.

"नाही, नाही."

"मग काय काम काढलंत?"

साहेबांनी तोंड उघडले. सांगण्यासारखे एखादे काम शोधून पाहिले. रोपांच्या मुळांची पाहणी म्हणता आली असती, पाण्याच्या टाकीची म्हणता आली असती. नियमात बसेल असे काहीही म्हणता आले असते. हातातल्या टोपीची कड त्यांनी दोनदा फिरवली.

"काम काही नाही," ते म्हणाले. "घरी करमत नव्हतं."

ताई बघतच राहिल्या. मग त्यांनी मातीने भरलेले हात कमरेवर ठेवले आणि साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या कोणीही आजवर केला नव्हता एवढा आवाज चढवला.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? आम्ही तिघांनी त्या बाईसाठी अंगाला खाजकुयली चोळून घेतली!"

"माझी खाज अजून थांबलेली नाही," मुकादम मान खाजवत म्हणाला आणि त्याने आपल्या बुडाखालचा डबा साहेबांसाठी सरकवला.